बहिणींचा रंग

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या जमिनी वाचल्या. बघायला क्वचितच गेले, वाचल्या मात्र इंच इंच. कल्याणात दुय्यम निबंधकाच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस. तिथे मी टायपिस्ट म्हणून लागले आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा माझ्या टेबलावरच्या पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, कारण माझ्या कामाला धड नाव नाही. कुणी विचारलं, "सावंतबाई, तुम्ही नेमकं करता काय?" की मी म्हणायची, "सर्च करते." समोरचा एकतर मला पोलिसातली समजायचा, नाहीतर कॉम्प्युटरवाली. दोन्हीत थोडं तथ्य होतं.

आपण फ्लॅट घेतो तेव्हा बँक एक कागद मागते, सर्च रिपोर्ट. ही जमीन खरंच विकणाऱ्याची आहे का, तिच्यावर कुणाचा दावा, कुणाचं कर्ज, कुणा कुळाचा हक्क आहे का, हे मागची तीसेक वर्षं आणि लागलं तर त्याहून जुनं खणून वकील त्यात लिहितो. सही वकिलाची, खणणं माझं. त्यासाठी वाचायचे ते फेरफार. फेरफार म्हणजे जमिनीची रोजनिशी. कोण वारलं, वारस कोण लागले, कुणी कुणाला विकलं, कुठे गहाण पडलं, सगळं नंबर घालून एकाखाली एक लिहिलेलं असतं. अक्षर असं की लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी लागलं नसेल. ते आम्ही ऑफिसात टाईप करून ठेवायचो, एका गावाची एक फाईल. पंचवीस वर्षांत आमच्याकडे कल्याण-डोंबिवलीच्या आजूबाजूच्या गावांचा असा साठा झाला की इतर वकील आमच्या साहेबांना चहाला बोलवायचे तेव्हा त्यामागे कारण असायचं.

या फाईली भल्या मोठ्या. नेहमीच्या पत्रं लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या की कॉम्प्युटर मान टाकायचा. माझी मुलगी मुक्ता ठाण्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एकदा माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "आई, तुला टेक्स्ट एडिटर देते. त्यात सजावट नाही, नुसती अक्षरं. पण शोधायला राक्षस आहे." आणि खरंच. नाव टाकलं की ते जिथे जिथे असेल तिथे पिवळं होऊन यायचं, फिकट, हळदीच्या बोटासारखं. पहिल्या दिवशी मी एकाच शेतकऱ्याचं नाव शंभरदा शोधलं असेल, नुसतं बघायला.

पण पिवळं सगळंच पिवळं. मालकही पिवळा, बँकही पिवळी. मी तक्रार केली तेव्हा मुक्तानं सेटिंगची एक छोटी फाईल उघडून दाखवली. डावीकडे शब्द लिहायचा, उजवीकडे त्याचा रंग. एवढंच. मला तर खजिनाच सापडला! दोन रविवार मी त्यात घातले. मालकांची नावं पिवळी. कूळ हिरवं. बोजा, तारण, गहाण लाल. दावा, मनाई हुकूम नारिंगी. सरकारी संपादन निळं. आता फाईल उघडली की वाचायच्या आधीच जमिनीची तब्येत कळायची. हिरवं फार असेल तर मी तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्यासारखी मान हलवायची आणि साहेब विचारायचे, "कूळ निघालं वाटतं?"

एक बिल्डर माझ्या खुर्चीमागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "बाई, ते लाल तेवढं काढा ना. बघून बरं नाही वाटत." मी म्हटलं, "काढते की, पण रंग गेला म्हणून कर्ज जात नाही हो." तो मनापासून हसला आणि तरी पुन्हा म्हणाला, "तरी काढा."

विठ्ठलवाडीकडचे एक आजोबा यायचे. त्यांची जमीन कधीच गेलेली, काम काहीच नव्हतं. बसायचे आणि म्हणायचे, "बाबांचं नाव दाखवा." मी त्यांच्या वडिलांचं नाव टाकायची आणि पडदा वरपासून खालपर्यंत पिवळा व्हायचा. ते काही वाचायचे नाहीत. थोडा वेळ बघायचे, नमस्कार करायचे नि जायचे. साहेब वैतागायचे, पण आजोबांना मी कधी नाही म्हटलं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे येते. माझ्या सेटिंगमध्ये आणखी एक ओळ होती. मुलगी, बहीण, हक्कसोड, हे शब्द आणि त्यांच्याबरोबरची नावं मी राखाडी केली होती. पार्श्वभूमी नाही, काही नाही. नुसतं फिकट राखाडी अक्षर, नजर वरून घसरून जावी असं.

कारण सांगते. बाप वारला की वारसांची नोंद होते. मुलगे इतके, मुली इतक्या. पाठोपाठ दुसरी नोंद येते, की मुलींनी भावाच्या लाभात राजीखुशीने हक्क सोडला, सबब नावे कमी. गाव कुठलंही घ्या, जात कुठलीही घ्या. आगऱ्यांची घरं असोत, कुणब्यांची असोत, आम्हा पांढरपेशांची असोत, दोन नोंदी जोडीनंच यायच्या. एकेका घरात पाच-पाच सहा-सहा बहिणी. त्यांची नावं पडद्यावर गर्दी करायची आणि शेवटी निष्पन्न काय, तर कमी. मला वाटायचं, ज्या सोडणारच आहेत त्यांच्यात डोळे कशाला शिणवा? राखाडी केल्यावर पडदा कसा स्वच्छ झाला! माझं काम निम्म्या वेळात व्हायला लागलं. शेजारच्या वकिलांचे कारकून पेन ड्राइव्ह घेऊन यायचे, "सावंतबाई, तुमचे रंग द्या ना." मी ऐटीत द्यायची. कल्याणातल्या पाच-सहा ऑफिसांत माझे रंग चालत होते. अशी मिरवायला मिळण्याची वेळ माझ्यासारखीला कितीदा येते?

एका पावसाळ्यात आमच्या इमारतीचा मीटरबॉक्स जळाला आणि दोन दिवस ऑफिसात वीज नव्हती. डोंबिवलीपलीकडच्या एका गावाचं काम तुंबलं होतं. मी ती फाईल घरी आणली आणि मुक्ताच्या लॅपटॉपवर उघडली. तिच्याकडे तोच एडिटर, पण माझे रंग नाहीत. गावातलं मुख्य आडनाव शोधलं, तर ती सगळी नावं मूळच्या साध्या पिवळ्यात आली.

"थांब, तुझी सेटिंग टाकून देते," मुक्ता म्हणाली.

"असू दे गं, एवढं काय," मी म्हटलं आणि वाचायला लागले.

मला हवा होता तो सर्व्हे नंबर दुसराच. पण वर जाता जाता त्याच्या शेजारची जमीन आली, जिचा रिपोर्ट आम्ही आठवड्यापूर्वीच देऊन टाकला होता. मालकी निर्वेध, कुणाचाही हक्क नाही, साहेबांची सही. भाऊ एकटा मालक, बिल्डरबरोबर करार व्हायचा होता, तिथे टॉवर उठणार होता. वारस नोंदीत मुलगा एक, बाळाराम. मुली तीन. तिन्ही नावं भावासारखीच पिवळी, भावाच्याच मापाची. मी खालची हक्कसोडीची नोंद बघितली. तिच्यात मुली दोन.

परत मोजलं. वर तीन, खाली दोन. तिसरी, हिराबाई, खाली नव्हतीच. पुढे कधीतरी नवा सातबारा लिहिताना कुणीतरी तिघींचीही नावं सरसकट गाळलेली. कागदावर हिराबाई उरली नव्हती आणि तिनं सोडलं मात्र काहीच नव्हतं. ही फाईल मी किमान चार वेळा वाचली होती हो! माझ्या रंगांत.

"काय झालं?" मुक्तानं विचारलं. मी सांगितलं. तिनं माझी सेटिंगची फाईल उघडून बघितली आणि हळूच म्हणाली, "आई, बहिणींना तू पुसूनच टाकलंयस की."

मला राग आला. तिचा नाही, पण निघाला तिच्यावरच. म्हटलं, "तुला काय कळतं यातलं? तुझ्या कंपनीत बस रंग लावत." ती उठून गेली. जेवणही मला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. साहेब सत्तरीचे, चाळीस वर्षांच्या वकिलीत दिलेला रिपोर्ट मागे घेतला नाही ही त्यांची शान. त्यांनी चष्मा काढला.

"जाहीर सूचना दिली होती ना पेपरात? चौदा दिवसांत हरकत आली?"

"नाही आली. साहेब, ती पेपर वाचत असेल असं वाटतं तुम्हाला?"

"कायदा तसं विचारत नाही, सावंतबाई."

"करार झाला, पाया खणला, फ्लॅट विकले गेले की ही बाई कुणाकडे जाईल? कोर्टात वीस वर्षं घालवेल?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाले, "तुमच्या नजरेतून कशी सुटली पण?"

"सुटली नाही साहेब. मी सोडली," मी म्हटलं आणि राखाडी रंगाचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते इतकंच म्हणाले, "आधी तिला विचारून या. कदाचित सोडलाही असेल, नोंद राहिली असेल." त्यांच्या आवाजात आशा होती आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात तीच होती. तिनं हो म्हटलं असतं तर आमची सगळ्यांची सुटका होती.

हिराबाईचं सासर कोपरला, खाडीच्या अंगाच्या जुन्या गावठाणात. चहूकडून इमारती आलेल्या, मध्ये ती कौलारू घरं. रिक्षावाल्यानं बरोबर दारात सोडलं. हिराबाई ओट्यावर वाल निवडत होती. पासष्टीची, बारीक, नाकात मोठी नथनी. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. तिनं सूप बाजूला केलं.

"बस गो बाय. पानी पी आदी."

पाणी पिऊन मी विचारलं, "हिराबाई, वडिलांच्या जमिनीवरचा हक्क तुम्ही कधी सोडलात?"

"सोडला? कंदी?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी लपवून आणलंय. "दोगी बहिनी गेलत्या सही कराला. मी तवा बालंतीन व्हते, अंथरुनावर. मंग कोनी परत आला नाय. मना कोनी इचारलाच नाय, तर सोडू कशी?"

"मग तुम्ही भावाला विचारलं नाहीत?"

"भावाला कसा इचारू? भाऊबीजेला येतो ना तो. पोरींच्या लग्नात मामा म्हनून उबा ऱ्हायला. जमिनीचा बोलले आनि त्यो यायचा बंद जाला, मंग?" जरा थांबून तिनं विचारलं, "तुना भाव हाय?"

"आहे. कणकवलीकडे, गावी."

"तुजा सोडलास तू?"

"सोडला," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मला मात्र तिथे बसवेना. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात गावी गेले होते. दादा म्हणाला, "चल तालुक्याला, एक सही हा. येताना आईस्क्रीम खाव." कागद तयारच होता, माझ्या नावापुढे राजीखुशीने टाईप केलेलं. आणि मी काय केलं असेल? त्यात सर्व्हे नंबर चुकला होता तो पेन्सिलीनं दुरुस्त करून दिला. वर त्या टायपिस्टला ऐकवलंही, "नंबर नीट बघत जा हो." मग सही केली. आईस्क्रीम छान होतं. आता दादानं तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. मी गेले की आपुलकीनं त्यातलीच एक देतो, आणि वहिनी टॉवेल आणून ठेवते. माणसं चांगली आहेत हो. पण ज्या खोलीत मी जन्मले ती आता कुलूपबंद असते, आणि किल्ली मागायला मला लाज वाटते.

निघताना हिराबाईला एवढंच सांगितलं, "तुमचा हिस्सा आजही तुमचाच आहे. उद्या कुणी सही मागितली तर काय मागतायत ते आधी विचारा." हे सांगणं माझ्या कामात बसत होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

साहेबांनी रिपोर्ट मागे घेतला. बिल्डर फाईल उचलून दुसऱ्या वकिलाकडे जायच्या गोष्टी करून गेला आणि पुन्हा कधी आमच्याकडे आला नाही. मी राजीनाम्याची चिठ्ठी दिली. ती साहेबांनी वाचून परत केली. "चूक शोधणारीला काढून मी ठेवू कुणाला?" म्हणाले. त्या संध्याकाळी मी सेटिंगमधली ती ओळ बदलली. बहिणींना मालकांचाच पिवळा दिला. मग ज्या ज्या ऑफिसात माझे रंग गेले होते तिथे तिथे जाऊन सांगितलं. काहींनी बदलले. एक कारकून म्हणाला, "बाई, सगळंच पिवळं, डोळे दुखतात." म्हटलं, "दुखू देत." दोन ऑफिसांत अजूनही माझा राखाडीच चालतो, असं ऐकते. आजवर त्या रंगाखालून किती जणी गेल्या असतील, मला मोजता येत नाही. आमच्या ऑफिसातल्या जुन्या फाईली मी निवृत्त होईपर्यंत पुन्हा वाचत होते. आणखी दोघी सापडल्या. एक वारलेली होती.

रिपोर्ट मागे घेतल्यावर पंधरा दिवसांनी, करार तेवढ्यावरून अडला म्हणून, बाळाराम बहिणीला घेऊन ऑफिसात आला. साठीकडे झुकलेला, पांढरा शर्ट, गळ्यात चेन, पण चेहरा घाबरलेला. हक्कसोडीचा मसुदा कुठूनतरी टाईप करून आणलेला. साहेबांनी बघून द्यावा आणि तसंच पुढे निबंधकाकडे जाऊन नोंदवावा, असा त्याचा बेत. साहेब म्हणाले, "सावंतबाई, त्यांना वाचून दाखवा." मी सावकाश वाचलं. राजीखुशीने हा शब्द मी दोनदा वाचला.

"आक्का, हितं कर सही," बाळाराम बोट ठेवून म्हणाला.

हिराबाईनं पदर सावरला. "आदी इचार."

"काय इचारू?"

"जो इचाराचा हाय त्यो."

बाळारामनं साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. आमच्यापैकी कुणीच त्याच्या मदतीला गेलं नाही. साठीचा माणूस, पण गालांवर रंग चढला होता. शेवटी खाली मान घालून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "आक्का, तुजा हिस्सा मना सोडतेस काय?"

"नाय," हिराबाई म्हणाली.

आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. बाळाराम कागद तिथेच टाकून उठला. तो दारापर्यंत पोचला तेव्हा तिनं हाक मारली, "भाऊबीजेला ये रे. नाय आलास तर मी येन."

त्या भाऊबीजेला तो आला नाही. ती गेली, ताट घेऊन, आणि त्यानं ओवाळून घेतलं, हे मला तिनंच नंतर सांगितलं. पुढे करारात तिचं नाव भावाच्या नावाखाली लागलं.

पण त्या दुपारी मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरली. खाली पोचल्यावर वळून हात हलवला आणि रिक्षात बसून गेली. मी जिन्यातच उभी राहिले आणि दादाला फोन लावला. गावच्या फोनवर आम्ही आमच्याच भाषेत बोलतो.

"दादा, त्या दिवशी माझी सही घेतलंस, तेव्हा तू माका इचारलं होतंस?"

"कसली सही? आज मधीच काय ह्या? बरा आसा मा तुका?"

"बरा आसा. इचारलं होतंस?"

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या, वहिनी कुणाला तरी हाकत होती. दादा खोटं बोलत नाही, लहानपणापासून नाही.

"नाय गो," तो म्हणाला. "तू नाय म्हणतलंस नाय, ह्या माका ठाऊक होता."

त्याचं खरं होतं. मी नाही म्हटलंच नसतं.

"तरी इचारूक व्हया होता, दादा," मी म्हटलं आणि त्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या पक्षकारांच्या देखत, मला रडू आलं.